फोनच्या दाराशी इजाजत कोणाची?

गेल्या रमजानमधला एक दिवस. इफ्तारला दोन-तीन मिनिटे उरली होती. दस्तरख्वानावर खजूर, फळे, भजी मांडून सारे घर बसले होते. अम्मींचा फोन मधोमध ठेवलेला, कारण मगरिबची अजान त्यातूनच ऐकायची असा आमच्या घरचा रिवाज झाला होता. वेळ पाहावी म्हणून धाकट्याने स्क्रीनला बोट लावले आणि अजानच्या अ‍ॅपवर पानभर जाहिरात उघडली. पत्ते, नोटांच्या थप्प्या आणि रमी खेळून पैसे जिंकण्याचे आमंत्रण! बंद करायची फुली इतकी बारीक की अम्मींना ती सापडेना. दुआ करायच्या वेळी सारे घर त्या फुलीच्या मागे लागले.

तरावीहनंतर आम्ही दोघांनी अम्मींचा फोन हातात घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला काय काय परवानगी दिली आहे ते पाहिले. ठिकाण: नेहमी. फोनमधील नंबर: हो. फोटो: हो. अम्मींनी हे सारे केव्हा दिले? त्यांना आठवत नव्हते. "बेटा, तो विचारत गेला, मी हो म्हणत गेले," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करावा, इजाजत घ्यावी, नाही म्हटले तर परत फिरावे, हा अदब आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. सूरह नूरमध्ये त्याची ताकीद आहे. पण खिशातल्या या घराचे दार आपणच सताड उघडे ठेवतो. ते लावून घेण्यासाठी गेल्या वर्षभरात आम्ही जे केले, त्यातून जे जमले आणि जे जमले नाही, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

ही नुसती जाहिरातीची कटकट नाही

नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकन वृत्तसंस्थेने एक बातमी दिली. नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे, जगभर कोट्यवधी वेळा उतरवून घेतलेले मुस्लिम प्रो हे अ‍ॅप आपल्या वापरकर्त्यांच्या ठिकाणाची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे पाठवत होते आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकन लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते, असे त्या बातमीत म्हटले होते. आपण लष्कराला माहिती विकलेली नाही, असा खुलासा अ‍ॅपच्या कंपनीने केला आणि एक्स-मोडशी असलेला संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिच्या वारस कंपनीला लोकांच्या संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. दवाखाने आणि प्रार्थनास्थळे त्यातच येतात.

माणूस कोणत्या मशिदीत जातो, किती वाजता जातो, तिथून कोणाच्या घरी जातो, हे शेजाऱ्याने वहीत टिपून ठेवले तर आपण त्याला जाब विचारू. फोन तेच करतो आणि आपल्याला त्याची खबरही नसते.

आपल्याकडचा अनुभवही कडू आहे. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी फोनमधले नंबर उचलून हप्ता थकताच नातेवाइकांना फोन लावले, फोटो विद्रूप करून पाठवले, ही प्रकरणे आपण सर्वांनी ऐकली आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरावरही ही वेळ आली होती. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अ‍ॅपनी फोनमधील फाइल, नंबरांची यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये, असा नियम केला. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. हक्क कागदावर आहे, पण दाराची कडी आपल्यालाच लावावी लागते.

मुक्त अ‍ॅप म्हणजे काय?

बाजारात दोन तऱ्हेचा मसाला मिळतो. एक बंद पुडीतला. आत काय काय घातले, ते कंपनीलाच ठाऊक. दुसरा आपल्या डोळ्यांसमोर कुटलेला. त्यात धणे किती, मिरची किती ते दिसते, आणि पटले नाही तर आपल्या मापाने बदलून घेता येते. मुक्त, म्हणजेच ओपन सोर्स अ‍ॅप हा दुसऱ्या तऱ्हेचा मसाला आहे. त्याचा कोड उघडा असतो. कोणीही जाणकार तो वाचू शकतो, त्यातली चोरी पकडू शकतो, सुधारून पुन्हा वाटू शकतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत या विचाराची चळवळ सुरू केली. आपल्या अँड्रॉइड फोनचा पायाही लिनक्स या मुक्त प्रणालीचाच आहे.

पण उघडा म्हणजे आपोआप सुरक्षित, असे नव्हे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मुक्त साधनात कोणीतरी गुपचूप चोरदार बसवल्याचे उघड झाले. आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेवरून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते शोधून काढले. म्हणजे उघड्या कोडमध्येही चोर शिरू शकतो. फरक एवढाच की तिथे कोणीही दिवा घेऊन आत जाऊ शकतो; बंद घरात ती सोय नाही.

पहिले दुकान: एफ-ड्रॉइड

आमची सुरुवात एफ-ड्रॉइडपासून झाली. २०१० पासून चालत आलेले हे मुक्त अ‍ॅपचे भांडार आहे. इथे खाते उघडावे लागत नाही, ईमेल द्यावा लागत नाही. बहुतेक अ‍ॅप ते लोक मूळ कोडवरून स्वतः तयार करतात. एखाद्या अ‍ॅपमध्ये जाहिरात किंवा पाळत ठेवणारा भाग असेल, तर त्याच्या पानावर तसा इशाराही लिहितात.

एफ-ड्रॉइड गूगलच्या प्ले स्टोअरवर मिळत नाही. ते त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवावे लागते आणि त्यासाठी फोन बाहेरचे अ‍ॅप बसवण्याची परवानगी मागतो. ब्राउझरला ती तेवढ्यापुरती द्यावी आणि काम होताच काढून घ्यावी. कारण हेच दार उघडे राहिले तर लग्नपत्रिकेच्या किंवा बँकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइलही आत शिरते. अशा फाइलींनी अनेकांची खाती रिकामी केली आहेत. पत्रिका कितीही जवळच्या माणसाकडून आलेली असो, एपीके दिसली की उघडू नये. आधी फोन करून विचारावे.

एक्सोडस नावाचे छोटे अ‍ॅपही आम्ही इथूनच घेतले. आपल्या फोनमधल्या कोणत्या अ‍ॅपमध्ये पाळत ठेवणारे किती भाग आहेत, ते हे अ‍ॅप दाखवते. पहिल्यांदा ती यादी पाहिली त्या रात्री आम्ही आठ-दहा अ‍ॅप काढून टाकले.

अजान आणि कुरआन

अम्मींच्या फोनमध्ये आता अल-अजान हे अ‍ॅप आहे. जाहिरात नाही, पाळत नाही. एकदा गाव निवडले की वेळा फोनच्या आतच मोजल्या जातात. सूर्याच्या कोनावरून वेळ काढायला आपण या घडीला कुठे उभे आहोत, हे कोणाला कळवण्याची मुळात गरजच नसते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कोकणातल्या बहुतेक मुसलमानांप्रमाणे शाफई. आमची भावजय सोलापूरची, हनफी. शाफई मतानुसार वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की असरची वेळ होते, हनफी मतानुसार दुप्पट झाल्यावर. सूर्य माथ्यावर असतानाची सावली दोन्हीकडे वेगळी धरतात. दोन्ही वेळांत साधारण तासाभराचा फरक पडतो. म्हणून सेटिंगमध्ये असरची पद्धत आपल्या मसलकप्रमाणे निवडावी आणि एकदा मशिदीच्या तक्त्याशी वेळा ताडून पाहाव्यात. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी असे अ‍ॅप मागच्या मागे बंद करतात आणि अजान वाजतच नाही. त्यासाठी बॅटरीच्या सेटिंगमध्ये या अ‍ॅपवरची बंदी उठवावी लागते. पहिले चार दिवस आमची फजरची अजान याच कारणाने हुकली होती.

कुरआनच्या तिलावतीसाठी कुरआन डॉट कॉमच्या मंडळींचे कुरआन फॉर अँड्रॉइड हे मुक्त अ‍ॅप चांगले आहे. ते प्ले स्टोअरवरही मिळते. त्यातली पाने मदीना मुसहफच्या लिपीतली आहेत. आमच्या मुलांना ती चालली. अम्मींची नजर मात्र आपल्याकडच्या जाड अक्षरांना सरावलेली. त्यांनी दोन दिवस पाहिले आणि रेहेलवरचा आपला जुना मुसहफ पुन्हा उघडला. आम्हीही आग्रह धरला नाही.

कीबोर्ड: सर्वांत जवळचा साक्षीदार

आपण काय लिहितो हे कीबोर्डइतके कोणालाच ठाऊक नसते. पासवर्ड, नवऱ्याला पाठवलेला निरोप, डॉक्टरांना विचारलेला नाजूक प्रश्न, सारे त्याच्या हाताखालून जाते. आम्ही हेलीबोर्ड घेतला. त्याला इंटरनेटची परवानगीच नाही, त्यामुळे बाहेर काही पाठवणे त्याला शक्य नाही. मराठीची सोय आहे. मात्र पुढचा शब्द सुचवण्यात तो मोठ्या कंपन्यांच्या कीबोर्डइतका तरबेज नाही आणि बोलून लिहिण्याची सोय त्यात स्वतःची नाही. ज्या खालाजान बोलूनच निरोप लिहितात, त्यांना तो आवडणार नाही.

मुलींचे फोटो

हा भाग लिहिताना हात जड होतो. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये दोन अ‍ॅप निघाली. समाजमाध्यमांवरून मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी, कोणालाच सोडले नाही. त्या अ‍ॅपची नावे इथे लिहिण्याची आमची इच्छा नाही. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटकही केली. दोन्ही अ‍ॅप गिटहबवर, म्हणजे मुक्त अ‍ॅपचे कोड जिथे ठेवले जातात त्याच ठिकाणी चढवलेली होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सुरी चांगली किंवा वाईट नसते. ती धरणारा हात चांगला किंवा वाईट असतो.

त्या बातम्यांनंतर अनेक घरांत मुलींनाच फोन ठेवून द्यायला सांगितले गेले. आम्हाला ते पटत नाही. गुन्हा ज्यांनी केला, शिक्षा त्यांनाच व्हावी. मुलीने अभ्यास, नोकरी, मैत्रिणी का सोडाव्यात? तिच्या हातात साधने द्यावीत. आमच्या लेकीने केलेले तीन उपाय असे:

फोटो पाहण्यासाठी फॉसिफाय गॅलरी. हे अ‍ॅप फोटो कोणत्याही कंपनीच्या ढगात चढवत नाही. ते फोनमध्येच राहतात. याची कथा बोधप्रद आहे. आधी सिंपल मोबाइल टूल्स नावाची साधी, मुक्त अ‍ॅपची मालिका होती. २०२३ च्या अखेरीस ती एका कंपनीला विकली गेली. वापरणारे हवालदिल झाले. पण कोड उघडा होता, म्हणून तिथेच काम करणाऱ्या एकाने तो उचलून फॉसिफाय या नावाने पुढे चालू ठेवला. बंद अ‍ॅप विकले गेले असते तर आपण काहीच करू शकलो नसतो.

फोटो कोणाला पाठवण्याआधी स्क्रॅम्बल्ड एक्झिफ. फोटोच्या पोटात तारीख, फोनचा प्रकार आणि कधी कधी घराचे नेमके ठिकाणही लिहिलेले असते. हे अ‍ॅप ते पुसून टाकते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण फाइल म्हणून पाठवला तर तशीच जाते.

आणि लग्नाच्या, मदरशाच्या, शाळेच्या फोटोंसाठी सिग्नलमधली चेहरे धूसर करण्याची सोय. गटात ज्यांचा चेहरा जायला नको, तेवढेच झाकता येतात. गेल्या निकाहच्या वेळी आमच्या लेकीने सगळ्या बहिणींना हे शिकवले.

निरोप आणि बोलणे

सिग्नल हे निरोपाचे अ‍ॅप एक ना-नफा संस्था चालवते. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोपही कुलूपबंद असतात, आणि ते कुलूप सिग्नलच्याच पद्धतीचे आहे. मग फरक कुठे? चिठ्ठी बंद असली तरी पाकिटावर बरेच काही लिहिलेले असते: कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळा. सिग्नल ही पाकिटावरची माहितीही शक्य तितकी कमी ठेवते. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका तपासात तिच्याकडे माहिती मागितली गेली, तेव्हा खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा जोडले गेले, एवढेच तिला देता आले. खाते उघडायला फोन नंबर लागतो, पण २०२४ पासून समोरच्याला नंबर न दाखवता टोपणनावाने बोलता येते. अनोळखी लोकांशी बोलावे लागणाऱ्या शिक्षिका-वकील भगिनींना ही सोय उपयोगी आहे.

खानदानचा ६० जणांचा गट मात्र आम्ही हलवू शकलो नाही. फुफीजान म्हणाल्या, "एक सांभाळताना नाकी नऊ येतात, दुसरे कशाला?" म्हणून आता घरातले आठ जण सिग्नलवर आहेत. औषधांचे कागद, पासबुकाचे फोटो, मुलींचे फोटो तिथे; ईद मुबारकचे गुलाब व्हॉट्सअ‍ॅपवर.

बयान, नात आणि नकाशा

गाणी, बयान, नात ऐकायला आणि व्हिडिओ पाहायला व्हीएलसी. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते जन्मले. रस्त्यावरचा नारिंगी शंकू ही त्याची खूण. २०२२ मध्ये आपल्या देशात त्याचे संकेतस्थळ कित्येक महिने बंद होते. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडले. यूट्यूबवरचे बयान ऐकायला न्यूपाइप आहे. खाते लागत नाही, जाहिरात येत नाही, स्क्रीन बंद करूनही ऐकता येते. यूट्यूबने आत काही बदलले की ते अधूनमधून अडते आणि नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावे लागते.

ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन ही जोड. मुलांच्या गृहपाठाच्या पानांवर उगवणाऱ्या नको त्या जाहिराती यामुळे जवळजवळ बंद झाल्या.

रस्त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर ते चालते. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की घाटात रेंज नसली तरी वाट सापडते. रहदारी कुठे तुंबली आहे, ते मात्र त्यात कळत नाही आणि गल्लीबोळांतली दुकानेही कमी. पण उणीव आपण भरू शकतो. आमच्या थोरल्याने गावच्या कब्रस्तानची वाट आणि उर्दू शाळा त्यात नोंदवली. मय्यतीला मुंबईहून रात्री-अपरात्री येणाऱ्या पाहुण्यांना ती वाट आता विचारावी लागत नाही.

किल्ल्यांचा जुडगा

सगळीकडे एकच पासवर्ड, तोही मुलाच्या नावाचा आणि जन्मसालाचा! ही खोड आमचीही होती. आता कीपास डीएक्समध्ये सारे पासवर्ड कुलूपबंद आहेत. ती फाइल आपल्याच फोनमध्ये राहते. म्हणून तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. मुख्य पासवर्ड विसरलात तर तो परत मिळत नाही. आम्ही तो कागदावर लिहून कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे. अल्लाहने बोलावले तर मागे राहिलेल्यांची अडचण होऊ नये, हाही विचार त्यात आहे. ईमेलच्या दुहेरी कुलपाचे आकडे देण्यासाठी एजिस हे अ‍ॅप वापरतो.

जे बदलता आले नाही

बँकेचे अ‍ॅप, यूपीआय, मुलांच्या शाळेचे अ‍ॅप बंदच आहेत आणि त्यांच्यावाचून चालत नाही. तिथे एकच उपाय: परवानग्या तपासणे. ठिकाण फक्त वापरताना, कॅमेरा विचारून, नंबरांची यादी शक्य तिथे नाही. आयफोनवर एफ-ड्रॉइड चालत नाही. पण सिग्नल, व्हीएलसी आणि ऑर्गॅनिक मॅप्स तिथेही आहेत. कोणी मुद्दाम आपल्याच मागे लागले असेल, तर एवढ्याने भागणार नाही. लाज किंवा भीती न बाळगता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, पोलिसांत जावे.

हे अ‍ॅप फुकट मिळतात, पण ते बनवणाऱ्यांनाही चूल आहे. वर्षातून एकदा एका प्लेट बिर्याणीचे पैसे आपल्या आवडत्या अ‍ॅपला पाठवावेत. ते जमत नसेल तर त्याचा मराठी अनुवाद सुधारून द्यावा. आपल्या शिकलेल्या मुला-मुलींना हे काम सहज जमेल.

सगळे एका दिवसात करू नका. या जुम्याला घरातल्या एका बुजुर्गाचा फोन घ्या, शेजारी बसा, आणि एकेका अ‍ॅपची परवानगी त्यांना वाचून दाखवून त्यांनाच ठरवू द्या. आमच्या अम्मी आता कोणतेही नवे अ‍ॅप काही मागू लागले की चष्मा लावतात आणि आधी विचारतात, "याला माझ्या घरात काय काम आहे?" बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, आणि त्या 'नाही' दाबतात.